मुठीतला शेवटचा गोटा

दचकू नका, बोलणारी मी आहे. जरा मान वर करा. या ज्वारीच्या वावरात चार खांबांवर मचाण उभं आहे ना, त्याच्यावर माणूस बसतो ती फळी म्हणजे मी. खालून पाहिलंत तर माझा पांढरा रंग दिसेल, पुष्कळसा उडालेला, आणि त्यात एक काळी चौकट. वाटेनं जाणारी माणसं थबकतात. "मचानीले कोनी रंग देते का बे?" असं एकमेकांना विचारतात आणि हसत पुढं जातात.

त्यांचंही खरं आहे. मी मूळची मचाणाची नाहीच. मी कॉलेजच्या मैदानावरची बास्केटबॉलची फळी. खांबावर उभी असते, पुढ्यात लोखंडी कडं असतं आणि सगळं आयुष्य चेंडूचे तडाखे खाण्यात जातं, ती. एवढे तडाखे खाऊनही मला त्यांची कधी सवय झाली नाही. चेंडू हातातून सुटला की मी मनातल्या मनात डोळे मिटून घ्यायची, आणि आदळला की दचकायचीच. स्वभावाला औषध नसतं.

जन्म माझा आलापल्लीच्या जंगलातला. माझ्या झाडाच्या बुंध्यावर अस्वलं नखं घासून जायची. तेव्हाही मी दचकत असेन, आठवत नाही. एक दिवस खाकी कपड्यातली माणसं आली आणि बुंध्यावर हातोड्यानं छाप मारून गेली. त्या छापाचा अर्थ जंगलात सगळ्यांना ठाऊक असतो. पुढं कुऱ्हाड, मग बैलांचं खाचर, मग बल्लारशाचा डेपो, मग करवतीचा तो कर्कश आवाज. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

डेपोत थप्पीला लागलेल्या आम्ही फळ्या आपापल्या नशिबाच्या गप्पा मारायचो. कुणाला देव्हारा व्हायचं होतं, कुणाला पाळणा. मला दार व्हायचं होतं. दाराला निवांतपणा असतो. कुणी उघडलं की उघडायचं, आणि रात्री कडी लावली की झोपायचं.

झालं भलतंच. वरोऱ्याकडून चांद्याला जाणाऱ्या रस्त्यावर, एका कापसाच्या जिनाला लागून नवं कॉलेज निघालं होतं. तिथल्या मुखरू सुतारानं आम्हा चार फळ्यांना खुंट्या मारून एकत्र जोडलं, मागून दोन पट्ट्या ठोकल्या आणि आमची एकच मोठी फळी केली. ती मी. मुखरूनं मला उभं करून चहूकडून पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"मास्तर, हे कायचं दार हाय म्हनावं? ना याले चौकट, ना उंबरठा. आन हे कडं लावलं, त्याची जाळी तं बुडातून फाटली आहे!"

"तशीच पाह्यजे," मास्तर म्हणाले. "चेंडू वरून टाकाचा, खालून पडाचा."

"मंग टाकाचा कायले?"

मास्तर हसले. ते मी पाहिलेलं त्यांचं पहिलं हसू. लटारू मास्तर त्यांचं नाव. कॉलेजचे व्यायामशिक्षक. उंच, काटक, बोलणं मोजकं. अमरावतीला जाऊन खेळ शिकून आले होते, पण माणूस हाडाचा शेतकरी. चार कोसांवर त्यांचं ज्वारीचं वावर होतं. रविवार आला की सायकल काढून तिकडं.

मला मुरुमाच्या मैदानावर रोवलं. समोरच्या टोकाला माझी बहीण म्हणवणारी दुसरी फळी होती, आंब्याच्या लाकडाची. तिनं दोन पावसाळ्यांतच अंग फुगवून घेतलं. मी सागवानी, मी टिकले. सकाळी पोट्टे खेळायचे, दुपारी कावळे बसायचे, सुट्टीत होस्टेलवाले माझ्या कड्याला ओले सदरे लटकवायचे. सगळं सोसलं.

खेळणाऱ्यांत एक लालसू होता. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावाचा. पहिल्या दिवशी तो माझ्या खांबाजवळ आला, वर पाहिलं, खांबावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "हे आमच्याकडचं आहे." त्यानंतर रोज खेळायच्या आधी त्याचा तळहात खांबाला लागायचा. त्याचा चेंडू कसा यायचा सांगू? आदळायचा नाही, टेकायचा. काळ्या चौकटीच्या कोपऱ्याला टेकून अलगद कड्यात उतरायचा. एवढ्या सगळ्या वर्षांत ज्याच्या चेंडूला मी दचकले नाही असा तो एकटाच.

मग गावाला या खेळाचं वेड लागलं. मॅच असली की जिनातले हमाल लवकर सुटायचे, कोलू आपला पानठेला बंद करून यायचा, म्हाताऱ्या बाया भाजीच्या टोपल्या घेऊन कुंपणाशी उभ्या राहायच्या. मी एक पाहिलं आहे. ज्याला नियम कमी कळतात, तो जास्त मोठ्यानं ओरडतो. कोलूला तर एकही नियम कळत नव्हता. तरी त्याचा आवाज आधी आगगाडीला आणि मग जिनाच्या भोंग्याला हरवायचा.

आणि ओरडण्यासारखं होतंही. आमचे पोट्टे पहिल्या अर्ध्यात वाघासारखे खेळायचे. दुसऱ्या अर्ध्यातही पुढं असायचे. मग मॅच संपत आली की रेषेबाहेर उभे असलेले लटारू मास्तर उजवा हात वर करायचे आणि मूठ आवळायचे.

मूठ वर गेली रे गेली की सगळ्या मैदानातून एक "अरे देवाऽऽ" उठायचं. कारण त्या मुठीचा हुकूम होता, राखा. आता मारायचं नाही. चेंडू याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे, घंटा होईपर्यंत फिरवत राहायचं. लालसू माझ्या अगदी पुढ्यात मोकळा उभा असायचा, हातात चेंडू, आणि तो मान वळवून चेंडू परत द्यायचा! तेवढ्यात समोरच्यांतलं कुणी तरी झडप घालायचं, चेंडू पळवायचं, आणि पुढं असलेली मॅच आमची आम्ही घालवायचो.

"मूठ उघडा मास्तर!" कोलू ओरडायचा. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनते! लाख गेले, सवाच उरला!"

"अबे लालसू, मार ना बे! तुहा चेंडू अंडं देनार आहे काय?"

"हारा ना बाप्पा, हाराले कोन नाई म्हनते? पन मारून हारा!"

हे शेवटचं वाक्य मी फार ऐकलं. लोकांना हरण्याचं एवढं दुःख नव्हतं. न मारता हरण्याचं होतं. घरी जाऊन जेवताना घास उतरत नसे त्यांच्या.

या सगळ्या आरड्याओरड्यात माझ्या खांबाच्या मागे एका बाकावर मुली बसायच्या. कॉलेजात मुली थोड्याच, म्हणून त्यांना पोट्ट्यांपासून दूर, माझ्या पाठीशी जागा दिलेली. त्यांत भागीरथा होती. लटारू मास्तरांची लेक. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला.

तिच्यासारखी दचकणारी मुलगी मी पाहिली नाही. दारावर मांजरानं उडी मारली तरी तिच्या हातचं पुस्तक पडायचं. मॅचच्या वेळी ती बाकाच्या टोकाला, माझ्या खांबाला लागून बसायची आणि एक हात खांबावर ठेवायची. तिच्या हाताची थरथर मला वर कळायची. चेंडू आला की वर मी दचकायची आणि खाली ती. आमची मैत्री अशी, न बोलता झालेली.

लोक तिच्या बापाला नाही नाही ते बोलायचे आणि ती मान खाली घालून ऐकायची. ओरडणाऱ्यांनाही ठाऊक होतं ती कोण आहे ते. एक-दोघे जीभ चावायचे आणि पुन्हा ओरडायचे.

त्या वर्षी आपला मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला म्हणे. मला खांबावरून काही फरक दिसला नाही. पण आमच्या मैदानावर एक मोठी गोष्ट झाली. संस्थेचे सेक्रेटरी झिंगूजी पाटील, शेजारच्या जिनाचे मालक, यांनी पोळ्याच्या सुमारास सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ते माझ्याच सावलीत उभे होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

"लटारू मास्तर, आपन मान्साले मान देतो. पन यंदाही मॅच अशीच घालवली, तं तुमी आपलं वावर राखा. मैदान राखाले दुसरा कोनी पाहू."

मास्तर वाकून चेंडू उचलायला लागले. खांबाच्या मागे मात्र भागीरथाचा हात बर्फासारखा झाला. तिला सगळं तिथल्या तिथं दिसलं असणार. बापाची नोकरी म्हणजे कॉलेजमागचं ते दोन खोल्यांचं घर. घर गेलं की गावी. गावाहून रोज चार कोस यायची मुलीला सोय नाही, होस्टेलात मुलींना जागा नाही. परीक्षा मार्चात. एवढ्या लांबून आलेलं गाडं उंबरठ्यापाशी अडणार.

"तू बाबाले सांग ना," तिची मैत्रीण कमळा तिला म्हणाली. कमळा वरोऱ्याची, तोंडानं फटकळ. "म्हन, बाबा, मूठ नोका आवळत जाऊ."

"सांगून उपयोग नाई," भागीरथा म्हणाली. "ते त्यांच्या हाती नाई."

"हात त्यांचाच आहे ना वं?"

तेव्हा तिनं ती गोष्ट सांगितली. ती लहान असताना ज्वारी हुरड्यावर आली की बापलेक मचाणावर बसायचे, पाखरं राखायला. मास्तरांच्या हाती गोफण, शेजारी गोट्यांचा ढीग. हिचं काम पाहण्याचं. थवा कणसांवर उतरला की हिनं ओरडायचं, "बाबा, बसले! बसले!" आणि गोफण फिरायची. पण त्यांच्या घरात आज्यापासून एक रीत चालत आलेली. मचाणावरून रिकाम्या हातानं उतरायचं नाही. शेवटचा गोटा मुठीत ठेवायचा, घरी आणायचा. शेवटचा गोटा सुटला तर वावर उघडं पडतं, असं आजा सांगायचा. त्यांच्या दाराशी अशा न मारलेल्या गोट्यांची एक लहानशी टेकडी झालेली होती.

"एका साली," ती म्हणाली, "दिवस बुडताना राघूंचा मोठा थवा आला. बाबाच्या हाती एकच गोटा उरला होता. मी ओरडून राह्यली, बसले, बसले! आन बाबा मूठ आवळून उभे. हाकलत होते, ओरडत होते, पन गोटा नाई सोडला. आमच्या डोळ्यादेखत धुऱ्याकडची, बांधालगतची सारी कनसं गेली. खाली उतरले तेव्हा गोटा मुठीतच. दाराशी नेऊन ठेवला."

कमळानं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "बाई गं! मंग आपली मॅच काय, राघूच खानार."

आणि ती शेवटची मॅच आली. विभागाचा शेवटचा सामना, नागपूरचा संघ, मैदान आमचं. संक्रांत जवळ आलेली. ऊन कोवळं, पण माझ्या फळ्या उगीचच करकरत होत्या. दोन पावसाळ्यांपासून माझ्या मधल्या जोडात एक चीर पडली होती. कुणाला दिसत नव्हती, मला जाणवत होती. त्या दिवशी मला सारखं वाटत होतं की आज काही तरी तुटणार.

लोक झाडांवर चढून बसले. झिंगूजी पाटील खुर्चीवर, मांडीवर उपरणं, चेहरा न्यायाधीशासारखा. कोलूनं घसा ओला राहावा म्हणून खडीसाखर आणली होती. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या पोट्ट्यांनी माझ्या बाजूला मारायचं होतं. भागीरथाचा हात खांबावर.

खेळ काय झाला ते सगळं सांगत नाही. लालसूचे चेंडू येत होते, टेकत होते, उतरत होते. नागपूरवाले उंच होते, आमचे चपळ. शेवट जवळ आला तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढं होतो. कोलूनं खडीसाखर चघळायची थांबवली. सगळ्यांचे डोळे चेंडूवर नव्हते, मास्तरांच्या उजव्या हातावर होते.

हात हलला. वर गेला. मूठ आवळली.

"अरे देवाऽऽ!"

"नोको ना मास्तर! आज तरी नोको!"

कप्तान नथ्थूनं मूठ पाहिली आणि चेंडू मागे दिला. फिरवाफिरव सुरू झाली. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे. नागपूरवाले मांजरीसारखे दबा धरून पुढं सरकत होते. एकदा, दोनदा वाचले. तिसऱ्यांदा त्यांच्या उंच पोरानं मधे हात घातला, चेंडू घेऊन पळाला आणि त्या आंब्याच्या फळीवर आदळवून आत टाकला. आता आम्ही फक्त एका गुणानं पुढं.

मूठ तशीच.

"आता तं मारा बे!" झिंगूजी पाटील खुर्चीतून अर्धे उठले, इकडंतिकडं पाहिलं, पुन्हा बसले.

पोट्टे पुन्हा फिरवू लागले. आता त्यांच्या फेकीही आखूड पडत होत्या. नथ्थूचा चेंडू रेषेबाहेर गेला. नागपूरवाल्यांनी तो घेतला आणि डोळ्याचं पातं लवण्याआधी पुन्हा आत टाकला. आम्ही एका गुणानं मागे.

आणि मग, देवाशपथ सांगते, ते झालं जे मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही मागे पडलो तरी मूठ खाली आली नाही. मास्तर तसेच उभे, हात वर, बोटांची नखं तळव्यात रुतलेली. डोळे उघडे होते, पण ते मैदान पाहत नव्हते. आणि आमचे पोट्टे हुकमाचे ताबेदार, मागे असूनही चेंडू फिरवत राहिले!

"अबे मांगं आहो आपन!" कोलू रडकुंडीला आला. "मांगं असून राखून राह्यले! काय राखता रे? हार राखता काय?"

"लालसू! मार!"

लालसू माझ्या समोर होता. मोकळा. त्याच्या हाती चेंडू आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांच्या मुठीकडे, आणि चेंडू परत नथ्थूकडे दिला. पोराच्या तोंडावर जे होतं ते पाहून मला वाटलं, आत्ता मी इथं फुटून पडेन तर बरं.

घंटेजवळच्या शिपायानं रुळाच्या तुकड्यावर मारायला हातोडी उचलून धरली.

तेवढ्यात खांबावरचा हात सुटला. मला कळलं, कारण थरथर एकदम थांबली. भागीरथा बाकावर उभी राहिली होती. वर्गात हजेरी देताना जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत जात नसे, ती मुलगी छाती फोडून ओरडली.

"बाबा! बसलेऽऽ! बसलेऽऽ!"

मी अशी दचकले की कडं खुळखुळलं. सगळं मैदान वळून तिच्याकडे पाहू लागलं. काय बसलं, कुठं बसलं, कुणाला काही कळेना. एक म्हातारा तर झाडाकडं पाहू लागला.

पण मास्तर दचकले. झोपेतून उठवल्यासारखे. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग आपल्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"सोडा बाबा!" ती म्हणाली. आता तिचा आवाज फाटला होता. "गोटा सोडा! आताच!"

आणि मूठ उघडली.

मी खोटं बोलत नाही. पाचही बोटं वेगळी झालेली मी पाहिली. नथ्थूनं पाहिली. चेंडू सुटला आणि लालसूकडं आला, आणि लालसूनं तो येतायेताच वर उडवला.

तो टेकला नाही. पहिल्यांदाच लालसूचा चेंडू माझ्यावर आदळला. घाई होती. चीर करकरली. चेंडू कड्यावर पडला, एक गिरकी घेतली आणि बाहेर. लालसूनंच उडी मारून तो धरला आणि कुणाला न विचारता, कुठं न पाहता पुन्हा मारला. पुन्हा माझ्यावर. पुन्हा बाहेर. आता नथ्थू धावला, त्यानंही मारला. लोक कुंपण मोडून आत आले होते. झिंगूजी पाटील खुर्चीवर उभे राहून उपरणं फिरवत होते, "मारा! मारा! मारा बे!" एवढ्या वर्षांच्या सगळ्या शेवटांत मिळून माझ्यावर जेवढे चेंडू आले नव्हते, तेवढे त्या चार श्वासांत आले.

तिसरा चेंडू कड्याच्या ओठावर येऊन थांबला. खरंच थांबला. मी आयुष्यात कुणाची बाजू घेतली नव्हती, फळीला बाजू नसते. पण त्या क्षणी मी आतून ढकलत होते.

घंटा झाली. चेंडू ओठावरून बाहेरच्या बाजूला पडला.

आम्ही हरलो. एका गुणानं.

आणि माझी चीर वरपासून खालपर्यंत गेली. तो आवाज कुणी ऐकलाच नाही, कारण मैदान भरून दुसराच आवाज येत होता. मला वाटलं, आता शिव्या. बाकावर उभी असलेली भागीरथा दोन्ही हातांनी तोंड झाकून होती. तिलाही तेच वाटलं असणार. आपणच ओरडलो, आपणच सोडायला लावलं आणि गेलं. घर गेलं, परीक्षा गेली.

पण त्या शिव्या नव्हत्या. कोलू दोन्ही हात डोक्यावर ठेवून नाचत होता.

"तीनदा मारला बे! तीनदा! बाप्पा, ओठावर होता! तुमी पाह्यला का? ओठावर!"

"हारलो ना पन कोल्या?"

"हारलो तं हारलो! मारून हारलो!"

गर्दीतून वाट काढत झिंगूजी पाटील मास्तरांसमोर आले. मास्तर मान खाली घालून उभे होते. रिकाम्या तळहाताकडं पाहत होते. तळव्यावर नखांच्या खुणा होत्या. भागीरथा बाकावरून उतरून खांबाला धरून उभी राहिली. मी आणि ती, दोघींनी श्वास धरला.

झिंगूजींनी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. घसा पार बसला होता. ते खाकरले, पुन्हा खाकरले.

"मास्तर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी काय म्हनलो होतो? अशीच घालवली तं, असं म्हनलो होतो."

"हो जी."

"घालवली. पन अशी तं कधीच नोहोती घालवली." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "पुढच्या साली जराक लवकर सोडत जा. माह्या जिवाले सोसत नाई हे."

पुढच्या साली. कमळानं भागीरथाचा दंड इतक्या जोरात आवळला की ती किंचाळली. मग दोघीही हसू लागल्या, हसता हसता रडू लागल्या. मुलींचं काही सांगता येत नाही.

मास्तर लेकीजवळ आले. तो रिकामा तळहात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाले, "एवढा मोठा आवाज तुह्यात होता, आन मले दिसला नाई?"

"तुमीच तं शिकवला होता बाबा. मचानीवर."

मला दुसऱ्या दिवशी उतरवलं. फुटलेली फळी मॅचला चालत नाही. नवी आली, तिच्यावर पांढरा रंग माझ्याहून जास्त झळकत होता. बरं वाटलं नाही, पण रीत आहे. मुखरू सुतार म्हणाला, "जळनाले छान लागन हे सागवान." मास्तर म्हणाले, "जळनाले नाई." आणि त्यांनी मला खाचरात घातलं. निघताना लालसूनं खांबावर नव्हे, माझ्या अंगावर हात ठेवला. मग चेंडू उचलून नव्या फळीकडे गेला. पोरांनी पुढं जावंच.

तेव्हापासून मी इथं, वावरात. मुखरूनंच माझी चीर पट्टी मारून बांधली. मास्तर अजून कॉलेजात आहेत. म्हणजे लोक म्हणतात तसे पूर्ण सुधारलेत असं नाही. गेल्या साली पुन्हा एकदा मूठ वर गेली होती म्हणे, आणि सगळ्या मैदानानं एका सुरात "बसलेऽऽ!" म्हणून हाक मारली. कोलू सगळ्यांत पुढं. त्याला अजूनही अर्थ माहीत नाही. पण मूठ उघडली. परवा मास्तर सांगत होते की आता जगात असा नियम निघालाय, अर्ध्या मिनिटाच्या आत चेंडू मारायचाच. ऐकून मला हसू आलं. नियम मुठीला लावता येतो, आतल्या गोट्याला कसा लावणार?

भागीरथा मार्चात परीक्षेला बसली, पास झाली. चांद्याला मुलींच्या शाळेत शिकवते. अजून दचकते. वर्गात डस्टर पडलं तरी दचकते, तिनंच सांगितलं. संक्रांतीच्या सुट्टीत ती आली होती आणि लहानपणीसारखी बापाशेजारी माझ्यावर बसली होती. दिवस कलला. थवा आला. मास्तरांच्या शेजारचा ढीग संपला होता. मुठीत एक.

"बसले," ती हळूच म्हणाली. ओरडली नाही.

गोफण फिरली. माझ्या चिरेतून एक कळ गेली. गोटा सुटला, राघू उडाले, आणि वावरावर नुसतं पिवळं ऊन राहिलं. मास्तरांनी दोन्ही हात झटकले आणि रिकाम्या हातानं शिडी उतरून खाली गेले. दाराशी ठेवायला काही नव्हतं. काही उघडंही पडलं नाही.

आता मी म्हातारी झाले. दार व्हायचं राहून गेलं, त्याचं आता काही वाटत नाही. फक्त एक मागणं आहे. या वाटेनं जाताना उगीच मोठ्यानं हाका मारू नका, मी अजून दचकते. पण कुणाची मूठ आवळलेली दिसली, आणि वेळ निघून चाललेली दिसली, तर मात्र माझा विचार करू नका. छाती फोडून ओरडा. मी दचकेन थोडी. चालेल.